काकांच्या रानात किती कार्बन मावेल?

'मातीत कार्बन साठवा, पैसे कमवा' हा नवा फंडा गावोगाव पोचलाय. पण माती आणखी किती कार्बन साठवू शकते हे ठरवायचं कसं? एक फोन, एक एक्सेल शीट आणि बार्शी तालुक्यातलं पाच एकर काळं रान यांची ही गोष्ट. तुम्ही विमानाचं तिकीट काढताना 'कार्बन ऑफसेट'च्या चौकोनात टिक करत असाल, तर ही गोष्ट तुमचीही आहे!

शुक्रवारची दुपार. रिव्ह्यू मीटिंग संपायला दहा मिनिटं बाकी, सगळ्यांचं अर्धं लक्ष वीकेण्डकडे. तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला. स्क्रीनवर 'काका'. काका ऑफिसच्या वेळेत कधीच फोन करत नाहीत. पोटात गोळा आला. बाहेर पळाले.

"अगं ताई, मीटिंगीत हायेस का?"

"नाही काका, बोला ना. सगळं ठीक?"

"ठीक हाय गं. एक माणूस आलाय. म्हणतोय, रानातल्या मातीत कार्बन साठवा, आम्ही तो बाहेरच्या कंपन्यांना विकतो आन् तुमाला पैसे देतो. दहा वर्षांचा करार हाय. एकरी वर्षाला दोन टन साठंल म्हणतोय. सही करू का?"

मी डेटा अॅनालिस्ट. दिवसभर आकड्यांशी खेळते. पण या प्रश्नावर माझी विकेट गेली. दोन टन म्हणजे जास्त की कमी? आणि कशाचे दोन टन? "काका, आज सही करू नका. रविवारी मी येते," एवढंच म्हणाले. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कराराचे फोटो आले. बारा पानं, सगळी इंग्रजीत.

आपल्यासाठी 'कार्बन' हा तसा ऑफिसातला शब्द. एचआरच्या मेलमध्ये 'नेट झिरो' येतं, तिकिटाच्या पानावर 'तुमच्या प्रवासाचा कार्बन भरून काढा' असं येतं. पन्नास-शंभर रुपये भरले की मन साफ! पण तो कार्बन जातो कुठे? कधी झाडांत, कधी सौरऊर्जेच्या प्रकल्पात आणि आता कुणाच्या तरी रानात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडाही जाहीर केला. म्हणजे काकांच्या दारात आलेला माणूस शेवटचा नव्हता. मग म्हटलं, चला, उघडू या एक्सेल.

टाकी आणि तिचं भोक

काकांच्या भाषेत याला 'सेंद्रिय कर्ब' म्हणतात. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, पान, खोड, मुळं बनवतं. ती मातीत कुजतात. मातीतले सूक्ष्मजीव त्यावर जेवतात आणि आपल्यासारखेच श्वास सोडतात, की बराचसा कार्बन परत हवेत. थोडा मात्र चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू, तळाला भोक. नळ म्हणजे पालापाचोळा, मुळं, शेणखत. भोक म्हणजे सूक्ष्मजीवांचा श्वास. नळ मोठा केला की पातळी वाढते. पण पातळी वाढली की दाब वाढतो आणि भोकातून पाणीही जास्त जातं. शेवटी दोन्ही सारखं होतं आणि पातळी थांबते. नळ बारीक केला तर पुन्हा उतरते. आपल्याकडचं ऊन आणि वारंवारची नांगरट हे भोक मोठं करतात.

आता टाकीचा आकार बघा. जगभरच्या जमिनीच्या फक्त वरच्या एका मीटरमध्ये सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला मिळून आहे त्याहून जास्त! म्हणून तर सगळ्यांचा डोळा मातीवर आहे. एवढ्या मोठ्या टाकीची पातळी जराशी वाढली तरी हवा किती साफ होईल, असा तो विचार.

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सचे तेव्हाचे कृषिमंत्री स्तेफान ल फॉल यांनी हाच विचार मांडला. नाव होतं 'हजारी चार'. हिशोब अगदी दोन ओळींचा. कोळसा आणि तेल जाळून माणूस तेव्हा वर्षाला सुमारे ८.९ अब्ज टन कार्बन हवेत सोडत होता. वरच्या दोन मीटर मातीत आहे सुमारे २४०० अब्ज टन. भागाकार केला की हजारी चारच्या आसपास येतात. मातीतला कर्ब दरवर्षी हजारात चार एवढा वाढला की काम फत्ते!

ऐकायला सही आहे ना? गडबड एवढीच की या २४०० अब्ज टनांत सैबेरियातली गोठलेली जमीन आली, जंगलं आली, दलदली आल्या. तिथे कोण नांगर धरणार? ज्या मातीत माणसाचा हात चालतो ती त्यातला एक हिस्सा.

आधी शिल्लक किती?

रविवारी सकाळी गाव गाठलं. काकूंच्या हातची गरम भाकरी आणि शेंगाचटणी झाल्यावर काकांनी कपाटातून जमीन आरोग्य पत्रिका काढली. मातीचा रिझल्टच तो. 'सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के.' आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ०.५० च्या खाली म्हणजे 'कमी', ०.७५ च्या वर म्हणजे 'जास्त'. काका नापास!

हा आकडा टनांत आणायला तीन गोष्टी लागतात: क्षेत्र, खोली आणि मातीचं वजन. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. वरची ३० सेंटिमीटर माती धरली आणि एका घनमीटरचं वजन १.३ टन धरलं, तर एकरात माती भरते साधारण १५८० टन. त्याचे ०.४२ टक्के म्हणजे ६.६ टन कार्बन. पाच एकरांत ३३ टन.

इथेच पहिली मेख. कार्बनचे टन आणि कार्बन डायऑक्साइडचे टन वेगळे. एक टन कार्बनचे हवेत गेल्यावर ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतात. एजंटचे 'दोन टन' यांतले कुठले? कराराच्या बारा पानांत मला ते सापडेना.

दुसरी मेख मातीतच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे ऑगस्टमधले ३० सेंटिमीटर आणि मे महिन्यातले ३० सेंटिमीटर यांत मातीचं वजन एकच नसतं. वजन न घेता नुसती टक्केवारी बघितली तर कर्ब 'वाढल्याचा' भास होतो. शिवाय आमच्या रानात चुनखडी. तिच्यातही कार्बन असतो, पण तो या हिशोबातला नव्हे. नमुना भट्टीत जाळून एकूण कार्बन मोजणाऱ्या यंत्रानं चुनखडी वेगळी काढली नाही तर आकडा फुगलाच.

आणि रानात पाच पावलांवर दुसरा नमुना घ्या. आकडा वेगळा! बांधाजवळ एक, जिथे पूर्वी उकिरडा होता तिथे दुसरा, चढावर तिसरा. एका नमुन्यावर पाच एकरांचा हिशोब करणं म्हणजे एकाच कलीगला विचारून अख्ख्या कंपनीचा सॅटिस्फॅक्शन सर्व्हे करणं.

सीटीसी, ग्रॉस आणि इन-हँड

आता खरा प्रश्न. आणखी किती मावेल? ऑफर लेटर आठवा. वर मोठ्ठा सीटीसी, मग ग्रॉस, आणि महिनाअखेरीस खात्यात पडतो तो इन-हँड. मातीचंही अगदी तसंच आहे.

सीटीसी म्हणजे मातीचे कण किती कर्ब धरू शकतील ते. १९९७ मध्ये हॅसिंक या डच शास्त्रज्ञानं एक सूत्र दिलं: मातीत बारीक कण जितके जास्त तितका जास्त कर्ब चिकटतो. आमच्या काळ्या मातीत ७० टक्के बारीक कण धरले तर सूत्राचं उत्तर येतं किलोला ३० ग्रॅम, म्हणजे ३ टक्के! काकांचे ०.४२ कुठे आणि ३ कुठे. जगभराचा असाच एक अंदाज २०२२ मध्ये आला. त्यानुसार मातीच्या वरच्या थरातले खनिज कण त्यांच्या क्षमतेच्या ४२ टक्केच भरलेत, खालच्या थरात तर फक्त २१ टक्के. आणि गंमत म्हणजे २०२३ मध्ये जर्मन संशोधकांना समशीतोष्ण हवामानातल्या शेतजमिनींत अशी वरची मर्यादा सापडलीच नाही! म्हणजे सीटीसीचा आकडाही दगडावरची रेघ नाही.

दुसरी वाट म्हणजे मातीची 'उधारी' मोजायची. शेतीच्या बारा हजार वर्षांत मातीनं जितका कर्ब गमावला तितकी जागा रिकामी, असं धरायचं. २०१७ मध्ये एका अभ्यासानं वरच्या दोन मीटरसाठी ही उधारी १३३ अब्ज टन सांगितली. पुढे दुरुस्ती करून ११६ केली. १७ अब्ज टनांचा फरक एका दुरुस्तीत! यात कुणाची लबाडी नाही. नांगर लागण्याआधीची माती आज कुणाकडेच नाही, ती मॉडेलमध्येच उभी करावी लागते.

ग्रॉस म्हणजे हवामान आणि पीक देईल तेवढं. कण कितीही रिकामे असोत, नळाला पाणी हवं. आमच्या भागात पाऊस बेताचा, ऊन कडक. मातीत घातलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनपैकी बराचसा वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. शंभर किलोतले दहा-पंधरा टिकले तरी खूप.

आणि इन-हँड? शेतकऱ्याच्या खिशाला, जनावरांना आणि मजुरीला परवडेल ते. कडबा मातीत गाडला तर म्हशीला काय घालायचं?

हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२२ च्या अहवालात हे पगारपत्रक नीट दिसतं. पिकाखालच्या जमिनी वर्षाला तांत्रिकदृष्ट्या १.९ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड साठवू शकतील, पण हा अंदाज ०.४ पासून ६.८ पर्यंत कुठेही असू शकतो! पैशाच्या दृष्टीनं परवडेल असा आकडा मात्र ०.६ अब्ज टन. आणि कोळसा, तेल, वायू जाळून जग वर्षाला सोडतं सुमारे ३७ अब्ज टन.

पहिली वीस वर्षं सुसाट

मातीची गंमत कळायला धीर लागतो. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला तो होता. लॉज आणि गिल्बर्ट या जोडीनं तिथे १८४३ मध्ये गव्हाचा प्रयोग सुरू केला, तो आजही चालू आहे. जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेत. एका वाफ्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडत आलंय. तिथला कर्ब बिनखताच्या वाफ्याच्या दुपटीहून जास्त झाला. पण वाढ सुरुवातीला सुसाट आणि नंतर मंद होत गेली. टाकीची पातळी आली! शेजारच्या बार्लीच्या शेतात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत घालून बंद केलं. तिथे कर्ब उतरत गेला, तरी शंभर वर्षांनंतरही बिनखताच्या मातीपेक्षा जास्तच होता. म्हणजे कमाई एकदम बुडत नाही, पण हप्ता बंद केला की गळती सुरू.

काकांना हे सांगितलं तर त्यांचं लक्ष भलतीकडेच. "हेक्टरी पस्तीस टन? एवढी जनावरं कुणाच्या दावणीला हायेत गं?"

आणि याच प्रश्नात अख्ख्या विषयाची मेख आहे. समजा काकांनी शेजारच्या गावातून शेणखत विकत आणून आपल्या रानात टाकलं. काकांचा कर्ब वाढणार, रिपोर्ट मस्त येणार. पण ते शेणखत एरवी त्या गावातल्या मातीत पडलं असतं. हवेतला कार्बन तेवढाच! एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकून 'पगार वाढला' म्हणण्यासारखं. 'आणखी' साठवलं असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा त्याच जमिनीवर जास्त झाडोरा वाढतो किंवा जळून जाणारा कचरा मातीत जातो.

आणि नुसता कार्बन भागत नाही. मुरलेल्या कर्बात दर बारा किलो कार्बनला साधारण एक किलो नत्र अडकतं. २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला: 'हजारी चार'चं शेतजमिनीतलं लक्ष्य गाठायचं तर वर्षाला १० कोटी टन नत्र मातीत अडकवावं लागेल. म्हणजे तेव्हाच्या जागतिक नत्रखत उत्पादनाच्या सुमारे ७५ टक्के! ते खत बनवायला पुन्हा इंधन जळणार, ते वेगळंच.

आमच्यासारखंच काळं रान

रॉथॅमस्टेड राहिलं थंड इंग्लंडात. आमच्यासारख्या मातीचा पुरावा सापडला हैदराबादजवळ पतंचेरूला, इक्रिसॅटच्या शेतात. तिथे १९७६ पासून काळ्या मातीत दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. एक जुनी: पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं आणि रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. दुसरी सुधारित: रुंद वरंबे आणि सऱ्या, खरिपात ज्वारी-तुरीचं आंतरपीक, योग्य खत, बांधावर गिरिपुष्प. चोवीस वर्षांनी १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत मोजलं, तर सुधारित रानात हेक्टरी सुमारे ७.३ टन कार्बन जास्त. शिवाय धान्य जवळपास पाचपट!

वर्षाला हेक्टरी ०.३ टन. एकरात ०.१२ टन कार्बन, म्हणजे सुमारे ०.४५ टन कार्बन डायऑक्साइड. तेही आमच्याकडच्यापेक्षा जास्त पावसात, मीटरभराहून खोल मोजून. आणि एजंट म्हणतो एकरी दोन टन! ते कार्बन डायऑक्साइडचे असले तरी पतंचेरूच्या चौपटीहून जास्त. कार्बनचे असले तर सोळापट.

"बरं, मग आपलं किती?" काकांनी विचारलं. पाचही एकरांत पतंचेरूएवढी वाढ झाली तर वर्षाला सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड. त्यासाठी मातीत वर्षाला जास्तीचा बारा टन कोरडा पालापाचोळा आणि मुळं जायला हवीत, युरियाच्या अडीच पोत्यांएवढं नत्र हवं. तूर स्वतःचं नत्र बरंचसं स्वतः बनवते, हे नशीब!

पण काकांनी तीन एकरांत तूर-सोयाबीन केव्हाच सुरू केलंय. ते करारामुळे होणार नाही, ते होतंच आहे. 'आणखी' मोजायचं तर उरलेल्या दोन एकरांतलं, जिथे अजून खरीप मोकळा असतो. तिथे बदल केला तर वर्षाला मिळून ०.९ टन. समजा टनाला हजार रुपये मिळाले, तर पाच एकरांच्या करारातून नऊशे रुपये. त्यातून कंपनीचा हिस्सा, तपासणीचा खर्च वजा. काका हसले. "तालुक्याला चार चकरा मारल्या की संपले!"

मग मी एक्सेलमध्ये माझी गाडी टाकली. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला पंधरा. ८०० लिटर पेट्रोल. एका लिटरचे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला १८४० किलो.

दोन एकर काळ्या रानाची वर्षभराची जास्तीची कमाई म्हणजे माझी अर्धी गाडी! तीही टाकी भरेपर्यंतच. पुढे माती थांबणार, गाडी मात्र चालूच. आणि मी सोडलेला कार्बन हवेत शतकानुशतकं राहणार, काकांनी साठवलेला एका चुकीच्या नांगरटीनं किंवा दोन दुष्काळांनी निसटू शकणार. शीट सेव्ह करताना जरा ओशाळल्यासारखं झालं. तिकिटाच्या पानावर टिक करताना मी हाच सौदा करत होते की!

मग कर्ब वाढवायचाच नाही?

काकांना हे पटेना. "म्हंजे हे सगळं फालतू?" अजिबात नाही. ०.४२ चे ०.६ झाले तर माती भुसभुशीत राहते, पाऊस वाहून न जाता मुरतो, खत लागू पडतं. पतंचेरूच्या रानात कर्बाबरोबर धान्यही वाढलं ना! काकांचा फायदा तिथे आहे. कार्बनचे पैसे आले तर वरकड, पण त्यांच्या भरवशावर दहा वर्षं रान बांधून द्यायचं का, हा वेगळा प्रश्न.

आम्ही दोघांनी मिळून कराराच्या मागच्या कोऱ्या पानावर प्रश्न लिहिले. टन कशाचे, कार्बनचे की कार्बन डायऑक्साइडचे? मोजणार कोण, किती खोल, किती ठिकाणी, आणि मातीचं वजन घेणार का? आज जे चालू आहे त्याच्यापेक्षा किती जास्त, हे कसं ठरवणार? नवव्या वर्षी दुष्काळ पडला आणि कर्ब उतरला तर पैसे कोण परत करणार?

सोमवारी काकांचा फोन आला. मी लंचला होते. एजंट प्रश्न वाचून म्हणाला, 'वर विचारून सांगतो.' अजून सांगितलेलं नाही. काकांनी सही केलेली नाही.

पण येत्या खरिपात मोकळ्या दोन एकरांत ज्वारी-तूर घ्यायचं त्यांनी ठरवलंय. बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या लावणार आहेत. निघताना आम्ही रानात दहा ठिकाणी खुणेचे दगड पुरले आणि प्रत्येकाचं लोकेशन माझ्या मोबाइलमध्ये सेव्ह केलं. नमुने तिथलेच, आणि पुढचे पाच वर्षांनी, त्याच जागी, त्याच महिन्यात. सगळं छान झालं तर ०.४२ चे ०.४६ होतील. एवढंच. एवढ्याशा फरकासाठी पाच वर्षं थांबायची काकांची तयारी आहे.

माझ्या बाजूनं मी सध्या आठवड्यातले तीन दिवस कार पूल करतेय. त्याचा हिशोब करायला माती परीक्षण लागत नाही!

चौकट: गावाकडे रान आहे? मातीचा नमुना असा घ्या

• पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी नमुना घ्या. दरवेळी महिना तोच ठेवा.
• बांध, झाडाची सावली, उकिरडा, जनावरं बांधायची जागा टाळा.
• रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखे वीतभर खोल खड्डे घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा.
• सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा.
• सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. नाव, गट नंबर, तारीख, आधीचं पीक लिहा.
• कार्बनच्या कराराचा विषय असेल तर एवढ्यावर भागत नाही. ३० सेंटिमीटर खोली आणि ठरावीक मापाच्या नळीत घेतलेल्या मातीचं वजनही मागा. आणि सही करण्याआधी पुण्या-मुंबईतल्या भाचीला किंवा पुतणीला एक फोन करा. तिच्याकडे एक्सेल असतंच!